टिकू नये असा निरोप

पॅरिस, १९५८

जिना चढत थेट माळ्यावर या. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या छताखालचा हा अरुंद बोळ म्हणजे आंद्रे ल्वोफ यांची प्रयोगशाळा. तुम्ही इथे कुणालाच दिसत नाही. तुमच्यावर अट एकच आहे: शाळेत पाठ केलेलं ‘डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन’ हे वाक्य खालीच ठेवून यायचं. त्यातला मधला टप्पा या वर्षी जगात कुणालाच नीट उमगलेला नाही.

माहीत आहे ते एवढंच. आनुवंशिक मजकूर डीएनएमध्ये असतो. प्रथिनं मात्र रायबोसोम नावाच्या सूक्ष्म कणांवर तयार होतात, आणि रायबोसोममध्ये भरपूर आरएनए असतो. त्यावरून निघालेला तर्क सरळ आहे. प्रत्येक जनुक आपापले रायबोसोम घडवतं, जनुकाची प्रत त्या रायबोसोमच्या आरएनएमध्ये कायमची कोरली जाते आणि तो रायबोसोम जन्मभर तेच एक प्रथिन बनवत बसतो. मॉडेल सुटसुटीत आहे. रायबोसोमचा आरएनए टिकाऊ असतो, हे प्रयोगांतूनही दिसलंय. त्यामुळे प्रत म्हटली की ती टिकाऊच असणार, असं बहुतेकांनी धरून ठेवलंय.

फ्रांस्वा जाकोब यांच्याजवळ जाऊन उभे राहा. त्यांना शल्यविशारद व्हायचं होतं. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या लढाईत हातापायाला जबर जखमा झाल्या आणि तो रस्ता बंद झाला. जीवशास्त्रात ते उशिरा आले. त्यांच्यासोबत जाक मोनो आहेत, आणि कॅलिफोर्नियाहून आलेले आर्थर पार्डी. तिघांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरं जोडून या प्रयोगाला पुढे ‘पाजामो’ हे गमतीदार नाव पडणार आहे.

प्रयोग ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर चाललाय. दुधातली साखर फोडायला या जिवाणूकडे बीटा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं विकर असतं. ज्यांच्यात या विकराचं जनुक शाबूत आहे असे ‘नर’ जिवाणू आणि ज्यांच्यात ते बिघडलेलं आहे असे ‘मादी’ जिवाणू एकत्र सोडलेत. नर आपला डीएनए मादीत ढकलतो. ज्या पेशीत हे जनुक कधी चाललंच नव्हतं तिथे ते ठरावीक मिनिटाला दाखल होतं. थोड्या थोड्या वेळाने मिश्रणाचा नमुना काढायचा आणि त्यात एक रंगहीन रसायन घालायचं. विकर तयार झालं असेल तर द्रव पिवळा पडतो.

आता नळ्या एका ओळीत लावून पाहा. जनुक आत शिरल्यावर काही मिनिटांतच पिवळेपणा दिसू लागतो. मोजमापं आलेखावर मांडली की रेषा सरळ वर जाते, आणि तीही पहिल्या क्षणापासून पूर्ण चढाने.

या रेषेपाशी थोडं रेंगाळा, कारण तिच्या आकारातच सगळी गोम आहे. जनुकाला आधी आपले रायबोसोम घडवावे लागत असते तर पहिल्या मिनिटाला ते मोजके असते, दहाव्या मिनिटाला बरेच, विसाव्याला त्याहून जास्त. उत्पादनाचा वेग चढत गेला असता आणि रेषा आधी आडवी, मग हळूहळू उभी होत वक्र झाली असती. ती सरळ आहे. म्हणजे साचत जाणारं असं काही इथे नाहीच. जनुकाकडून जे काही निघतं ते लगेच आपल्या कमाल पातळीला पोचतं, आणि नवं येतं तितकंच जुनं नष्ट होत असेल तरच असं घडू शकतं.

तासाभराने, दीड तासाने नळ्या पुन्हा पाहा. नराच्या डीएनएबरोबर आणखी एक जनुक आत आलंय. त्यातून जनुकाला कुलूप घालणारा रिप्रेसर तयार होतो. तो पुरेसा साचला की विकराचं उत्पादन थांबतं. प्रत रायबोसोमवर कायमची कोरलेली असती तर कुलूप लावूनही जुने रायबोसोम काम करत राहिले असते. इथे सुरुवातही झटक्यात आणि शेवटही झटक्यात. जनुक आणि प्रथिन यांच्यामध्ये काहीतरी अल्पायुषी आहे. जाकोब आणि मोनो त्याला तूर्त ‘क्ष’ म्हणतात.

स्टॉकहोम, १० डिसेंबर १९५९

या मुक्कामी फार थांबायचं नाही. नोबेल समारंभात सेवेरो ओचोआ आणि आर्थर कॉर्नबर्ग यांना वैद्यकशास्त्राचं पारितोषिक मिळतंय. ओचोआ यांना आरएनए बनवणाऱ्या विकरासाठी, कॉर्नबर्ग यांना डीएनए बनवणाऱ्या विकरासाठी. ओचोआ यांचं विकर आरएनएची अक्षरं एकमेकांना जोडतं खरं, पण कुठलाही डीएनए न वाचता, समोर येतील ती. नंतर कळेल की जिवंत पेशीत त्याचं मुख्य काम उलटंच आहे, आरएनए मोडून टाकण्याचं. प्रत बनवणारं म्हणून ज्याचा आज सत्कार चाललाय, ते विकर प्रत नष्ट करणारं आहे.

डीएनए वाचून आरएनए बनवणारं खरं विकर याच वर्षी शिकागोत सॅम्युअल वाइस यांना उंदराच्या यकृतात सापडलंय. लवकरच ते जिवाणूंतही सापडेल आणि आरएनए पॉलिमरेज या नावाने ओळखलं जाईल. स्टॉकहोम सोडण्याआधी कॉर्नबर्ग यांच्या बारा वर्षांच्या मुलाकडे नजर टाका. त्याचं नाव रॉजर. तो पुढे भेटणार आहे.

केंब्रिज, १५ एप्रिल १९६०

गुड फ्रायडे आहे. प्रयोगशाळा बंद, म्हणून मंडळी किंग्ज कॉलेजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या खोलीत जमलीत. फ्रान्सिस क्रिक आहेत, आणखी काही जण आहेत आणि पॅरिसहून आलेले जाकोब आहेत. जाकोब पाजामो प्रयोग सांगतात. मग पार्डी आणि मोनिका रायली यांनी बर्कलीत केलेला पुढचा प्रयोग सांगतात. नर जिवाणूच्या डीएनएमध्ये किरणोत्सारी फॉस्फरस भरला, जनुक मादीत जाऊ दिलं आणि मग फॉस्फरसच्या अणूंचा क्षय होऊ दिला. जनुक आतून तुटत गेलं तसं विकराचं उत्पादन ढासळलं. जनुक गेल्यावर मागे टिकून राहिलेली प्रत कुठेच नव्हती.

ब्रेनर एकदम ओरडतात. क्रिक उठून उभे राहतात. दोघंही एकाच वेळी बोलू लागतात, हातवारे करू लागतात, आणि त्या वेगवान इंग्रजीपुढे जाकोब यांना काही कळेनासं होतं. तुम्हालाही पहिली दोन मिनिटं कळणार नाही. दोघांना एकाच क्षणी एक जुना, दुर्लक्षित शोधनिबंध आठवलाय. १९५६ मध्ये ओक रिज इथे एलियट व्होल्किन आणि लाझारस ॲस्ट्राकन यांना विषाणूची लागण झालेल्या जिवाणूंत थोडासा नवा, लगेच विरून जाणारा आरएनए दिसला होता. त्यातल्या अक्षरांचं प्रमाण जिवाणूच्या डीएनएशी जुळत नव्हतं. ते विषाणूच्या डीएनएशी जुळत होतं. त्याचं काय करायचं हे कुणाला कळलं नव्हतं, कारण त्याला ठेवायला मॉडेलमध्ये जागाच नव्हती. ‘क्ष’ तो हाच.

मग सगळं उलटंपालटं होतं. रायबोसोमवर कुठलाच मजकूर कोरलेला नसतो. समोर येईल तो मजकूर वाचणारं ते सामायिक यंत्र आहे. मजकूर घेऊन येणारा आरएनए निराळा. तो येतो, वाचला जातो आणि मोडतो. इतकी वर्षं तो दिसला नाही, कारण सगळे टिकणाऱ्या आरएनएकडेच पाहत होते. पेशीतला बहुतांश आरएनए रायबोसोमचा असतो आणि त्या गर्दीत हा पाहुणा हरवून जातो.

संध्याकाळी क्रिक यांच्या घरी पार्टी आहे. गाणी, पेयं, गोंगाट. ब्रेनर आणि जाकोब एका कोपऱ्यात कागदावर प्रयोग आखतायत. दोघंही योगायोगाने जूनमध्ये कॅलिफोर्नियाला जाणार आहेत.

पॅसाडेना, जून १९६०

कॅलटेकच्या तळघरात सेंट्रिफ्यूजची घरघर चालू आहे. इथे मॅथ्यू मेसेल्सन यांच्याकडे वजनातला किंचित फरक ओळखण्याची पद्धत आहे. सीझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात नमुना घालून तो प्रचंड वेगाने तासन्‌तास फिरवायचा. जड वस्तू खालच्या थरात स्थिरावतात, हलक्या वरच्या.

प्रयोगाची रचना समजून घ्या. ती समजली की निकाल आपोआप समजेल. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजनच्या जड समस्थानिकांवर वाढवायचं, म्हणजे त्यांचे जुने रायबोसोम जड होतात. मग त्यांना विषाणूची लागण करायची आणि त्याच वेळी हलक्या खाद्यात हलवायचं. आता तयार होणारा आरएनए किरणोत्सारी खुणेने ओळखू येईल असं करायचं. विषाणूचं जनुक स्वतःचे नवे रायबोसोम घडवत असेल तर नवा आरएनए हलक्या थरात मिळेल. विषाणू जिवाणूच्याच जुन्या रायबोसोमवर आपला मजकूर वाचून घेत असेल तर तो जड थरात मिळेल. दोन मॉडेल, दोन थर. तिसरी वाट नाही.

पण प्रयोग दाद देत नाही. दिवस सरतायत, रायबोसोम द्रावणात विरघळल्यासारखे तुटतायत. मध्येच किरणोत्सारी फॉस्फरसने एक पाण्याची टाकी दूषित होते आणि ती कोकाकोलाच्या यंत्रामागे दडवावी लागते. जाकोब यांना परतायला थोडेच दिवस उरलेत. एक दिवस सगळे समुद्रकिनाऱ्यावर जातात. तिथे पडल्या पडल्या ब्रेनर अचानक ताडकन उठतात: मॅग्नेशियम! रायबोसोमचे भाग मॅग्नेशियममुळे एकत्र राहतात. द्रावणातलं भरमसाठ सीझियम मॅग्नेशियमची जागा बळकावतंय आणि रायबोसोम फुटतायत. गाडीत बसून प्रयोगशाळेकडे धाव, मॅग्नेशियम बरंच वाढवायचं, पुन्हा सेंट्रिफ्यूज.

नळीच्या तळाला भोक पाडलंय आणि थेंब थेंब वेगवेगळ्या नळ्यांत पडतोय. एकेका नमुन्यातला किरणोत्सार मोजला जातो. हलक्या थराच्या जागी काही नाही. जड थराच्या जागी आकडा उसळतो. नवा आरएनए जुन्या रायबोसोमवर बसलाय.

हा निकाल १३ मे १९६१ च्या ‘नेचर’मध्ये छापला जाईल, त्याच अंकात जेम्स वॉटसन यांच्या गटाचाही, वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचलेला निबंध असेल. त्याच वर्षी जाकोब आणि मोनो आपलं संपूर्ण मॉडेल मांडतील: जनुक, त्याला कुलूप घालणारा रिप्रेसर आणि संदेशवाहक आरएनए. १९६५ मध्ये ल्वोफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळेल.

जिवाणूसाठी संदेशवाहक आरएनएच्या या न टिकण्याचा अर्थ काय, ते पाहा. मिनिटापूर्वी दुधातली साखर होती, आता नाही. प्रत टिकाऊ असती तर जिवाणू संपलेल्या साखरेसाठी विकरं बनवत बसला असता. प्रत काही मिनिटांत मोडते म्हणून पेशीला आपलं मत बदलता येतं.

ओक रिज, १९६९

आतापर्यंत तुम्ही आलेखावरच्या रेषा आणि किरणोत्साराचे आकडे पाहिले. प्रत काढण्याची क्रिया कुणीच डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. व्होल्किन आणि ॲस्ट्राकन यांच्याच संस्थेत ऑस्कर मिलर आणि बार्बरा बीटी यांनी सॅलमँडर जातीच्या प्राण्याच्या अंडपेशीचं केंद्रक उघडून त्यातला ऐवज पाण्यावर पसरू दिलाय. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा.

एक लांब धागा, डीएनएचा. त्याच्या दोन्ही बाजूंना केसासारखे तंतू. एका टोकाला आखूड आणि पुढे क्रमाने लांब होत गेलेले. प्रत्येक तंतू म्हणजे वाढत असलेला आरएनए, आणि त्याच्या मुळाशी दिसणारा ठिपका म्हणजे पॉलिमरेज. या चित्राला ‘नाताळचं झाड’ हे नाव पडणार आहे. एकाच जनुकावर शंभरेक पॉलिमरेज एकामागोमाग चाललेत. पुढच्या वर्षी हाच गट जिवाणूचं चित्र काढेल. त्यात आरएनए अजून डीएनएवरच वाढत असताना त्याच्या मोकळ्या टोकावर रायबोसोम चढून बसलेले दिसतील. प्रत पूर्ण होण्याआधीच वाचन सुरू.

मात्र हे चित्र थिजलेलं आहे. पॉलिमरेज पुढे कसं सरकतं, ते त्यातून कळत नाही.

स्टॅनफर्ड आणि शिवडी, २००१ आणि नंतर

स्टॉकहोमच्या सभागृहातला तो बारा वर्षांचा मुलगा आता स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक आहे. रॉजर कॉर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या आरएनए पॉलिमरेज-२ चे स्फटिक वाढवले, क्ष-किरणांनी त्यांची रचना काढली आणि २००१ मध्ये ती छापली. पाच वर्षांनी रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या रॉजरना मिळेल.

या रचनेच्या आत शिरा. दोन जबड्यांमधल्या खाचेतून डीएनएचा पीळ आत येतो आणि थोडा उलगडतो. त्याचा एक धागा खोलवरच्या कार्यस्थळापर्यंत जातो, तिथे त्याच्या समोर आरएनएचं जोडीदार अक्षर बसवलं जातं. ए समोर यू, टी समोर ए, जी समोर सी, सी समोर जी. नवा आरएनए आठ-नऊ अक्षरांपुरताच डीएनएला चिकटून राहतो, मग सोलून वेगळ्या वाटेने बाहेर पडतो. वर एक झाकणासारखा भाग मिटलेला आहे, म्हणून लाखो अक्षरांच्या प्रवासातही यंत्र डीएनएवरून निसटत नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सेथ डार्स्ट यांच्या गटाने उष्ण झऱ्यांतल्या एका जिवाणूच्या पॉलिमरेजमध्ये अडकलेलं रिफॅम्पिसिन पाहिलं. हे औषध अक्षरं जोडायच्या जागेला हातही लावत नाही. नव्या आरएनएच्या बाहेर पडण्याच्या वाटेत ते आडवं बसतं. दोन-तीन अक्षरं जोडली जातात आणि प्रत तिथेच अडते.

इथून मुंबईत या, शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात. रांगेतल्या कुणालाही विचारा, औषध सुरू झाल्यावर लघवीचा रंग लालसर-नारिंगी होतो हे ते सांगतील. तो रंग रिफॅम्पिसिनचा. क्षयाच्या जिवाणूच्या पॉलिमरेजमध्ये औषध बसण्याची जागा बदलली की औषध लागू पडत नाही. असे बहुतेक बदल जिवाणूच्या एका जनुकातल्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात होतात. सीबीनॅट यंत्रात थुंकीचा नमुना घातला की साधारण दोन तासांत तोच पट्टा तपासला जातो आणि कोणता उपचार द्यायचा ते ठरतं. पॉलिमरेजमधल्या त्या जागेपासून यंत्रात घालायच्या तळहाताएवढ्या कार्ट्रिजपर्यंतचा हा प्रवास आहे.

स्टॅनफर्ड, २००५

पुन्हा कॅलिफोर्निया. स्टीव्हन ब्लॉक यांच्या प्रयोगशाळेत शिरताना हळू बोला. इथे हवेच्या झुळकीनेही मोजमाप बिघडतं. म्हणून लेझरच्या वाटेतली हवा काढून तिथे हेलियम भरलाय. हेलियममधून जाताना प्रकाशकिरण हवेपेक्षा कमी थरथरतो.

दोन लेझर किरणांनी प्लास्टिकचे दोन सूक्ष्म मणी धरून ठेवलेत. एका मण्याला पॉलिमरेज चिकटवलंय, दुसऱ्याला डीएनएचं टोक. पॉलिमरेज डीएनएवरून पुढे सरकलं की मण्यांमधलं अंतर बदलतं. अक्षरांचा पुरवठा मुद्दाम कमी ठेवलाय, म्हणजे प्रत्येक पावलाआधी यंत्र खोळंबेल आणि पाऊल दिसेल. पडद्यावर पायऱ्या उमटतायत. एकेक पायरी साधारण ३.७ अँगस्ट्रॉमची, मोजमापाच्या मर्यादेत डीएनएच्या दोन लगतच्या अक्षरांमधल्या ३.४ अँगस्ट्रॉमच्या अंतराशी जुळणारी. एक अँगस्ट्रॉम म्हणजे जेमतेम हायड्रोजनच्या अणूएवढी जाडी.

आता प्रश्न असा की हे पाऊल पडतं कशाने. दोन मॉडेल आहेत. पहिल्यात यंत्र जोर लावतं. अक्षर जोडताना सुटलेल्या ऊर्जेने त्याला हिसडा बसतो आणि ते पुढे जातं. आपल्याला पटकन पटतं ते हेच. दुसऱ्यात यंत्र जोर लावतच नाही. ते उष्णतेने थरथरतंय, एक अक्षर पुढे, एक अक्षर मागे, सतत. ते पुढे गेलेलं असताना मोकळ्या जागेत योग्य अक्षर येऊन बसलं की मागे सरकण्याची वाट बंद होते. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये दाराशी उभं राहून तुम्ही हेच अनुभवलंय. गर्दी तुम्हाला पुढे-मागे डोलवते, तुम्ही इंचभर पुढे जाता आणि त्या क्षणी मागच्या जागेत कुणीतरी पाऊल रोवतं. तुम्ही ढकललं कुणालाच नाही, तरी आत पोचता.

दोन्हींतला निवाडा कसा करायचा? मण्यांवरचा ताण वाढवायचा, कमी करायचा, अक्षरांचा पुरवठा बदलायचा आणि वेग कसा बदलतो ते मोजायचं. प्रत्येक मॉडेल वेगळी वक्ररेषा वर्तवतं. पॅरिसमध्ये सरळ रेषेने जे केलं तेच इथे वेग आणि ताण यांचा आलेख करतो. आकडे थरथरणाऱ्या मॉडेलच्या बाजूने पडतात.

या थरथरीला तिची किंमत आहे आणि तिचा उपयोगही आहे. चुकीचं अक्षर बसलं तर यंत्र अडखळतं, मागे घसरतं. आरएनएचं चुकलेलं टोक बाहेर येतं, ते कापलं जातं आणि लेखन पुन्हा सुरू होतं. इतकं करूनही प्रत निर्दोष नसते, दहा हजार ते एक लाख अक्षरांत एखादी चूक राहतेच. पेशीला ते परवडतं. मूळ मजकूर जागच्या जागी आहे आणि चुकलेली प्रत थोड्या वेळात मोडणारच आहे.

प्रिन्स्टन, २००५

त्याच वर्षी, देशाच्या दुसऱ्या टोकाला. इडो गोल्डिंग आणि एडवर्ड कॉक्स यांच्यासोबत अंधाऱ्या खोलीत बसा. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत ई. कोलाय आहेत आणि त्यांच्यात हिरवे ठिपके उजळतायत. एका जनुकाच्या आरएनएमध्ये ९६ खुणा घातल्यात. प्रत्येक खुणेला चमकणारं प्रथिन चिकटतं, त्यामुळे आरएनएची एकेक प्रत मोजता येते. यातली गंमत अशी की एवढी प्रथिनं चिकटल्यामुळे ही प्रत मोडतच नाही. न टिकणारी गोष्ट मोजायची म्हणून तिला आधी टिकवावं लागलंय.

घड्याळ लावून मोजा. प्रती ठरावीक लयीत पडत राहतील अशी तुमची अपेक्षा असेल, निदान पावसाच्या थेंबांसारख्या इकडे-तिकडे पण सरासरी सारखी राखून. तसं होत नाही. एखाद्या पेशीत काहीच नाही, काहीच नाही. मग एकदम तीन-चार प्रती. मग पुन्हा शांतता. जनुक साधारण सहा मिनिटं चालू असतं आणि मग साधारण ३७ मिनिटं बंद. म्हणजे सातातला जेमतेम एक भाग वेळ चालू. शेजारी शेजारी वाढणाऱ्या, एकाच जनुकसंचाच्या दोन पेशींत एका क्षणी एकीकडे भरपूर प्रती असतात आणि दुसरीकडे एकही नसते.

गणिती मंडळींकडे यासाठी १९९० च्या दशकापासून एक मॉडेल तयार होतं. त्यात आकडे चार: जनुक किती वेळा चालू होतं, किती वेळा बंद होतं, चालू असताना किती वेगाने प्रती काढतं आणि प्रती किती वेगाने मोडतात. या चौघांवरून सरासरी निघते. पण तीच सरासरी संथ धारेनेही गाठता येते आणि उसळीनेही. फरक कळतो तो पेशीपेशींतल्या तफावतीवरून. हजारो पेशी मिसळून काढलेल्या सरासरीत ही उसळी पुसली जाते. पॅरिसची ती सुंदर सरळ रेषाही अशीच कोट्यवधी जिवाणूंची मिळून झालेली होती. ती खोटी नव्हती. पण तिच्या आत एकेकटा जिवाणू काय करत होता, ते तिला सांगता येत नव्हतं.

जनुक असं मध्येच का थांबतं? एक उत्तर २०१४ मध्ये हार्वर्डच्या सनी शिये यांच्या गटाकडून आलं. पॉलिमरेज डीएनएचा पीळ उलगडत पुढे जातं तेव्हा त्याच्या पुढचा डीएनए अधिकाधिक आवळत जातो. टोकं मोकळी नसली तर तो ताण साचतो आणि नवं पॉलिमरेज सुरूच होऊ शकत नाही. जायरेज नावाचं विकर येऊन पीळ सोडवतं तेव्हा जनुक पुन्हा चालू होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळीचं लक्ष्य ते हेच जायरेज. आपल्या पेशींत याहून गुंतागुंत आहे. तिथे डीएनए प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, दूरवरचे डीएनएचे तुकडे जनुकाला जागं करतात, आणि जनुकं प्रचंड लांब असतात. स्नायूंमधल्या डिस्ट्रॉफिन प्रथिनाचं जनुक वीस लाखांहून जास्त अक्षरांचं आहे. त्याची एक प्रत पूर्ण व्हायला सोळा तास लागतात.

पुणे, जून २०२२

शेवटचा मुक्काम हिंजवडी. जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या कोविडवरच्या लशीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आहे. देशात विकसित झालेली ही पहिली संदेशवाहक आरएनए लस. अशा लशींचा आरएनए पेशीविना बनतो. मोठ्या पात्रात डीएनएचा साचा, आरएनएची चार अक्षरं आणि पॉलिमरेज. बहुतेक ठिकाणी हे पॉलिमरेज टी-७ या जिवाणूभक्षी विषाणूचं असतं, कारण ते एकट्यानेच काम उरकतं. ब्रेनर आणि जाकोब यांनी जिवाणूंवर सोडलेल्या टी-४ च्या जातकुळीतलंच हे नाव.

आता या कारखान्यातल्या अडचणीकडे पाहा. पॅसाडेनात जो आरएनए हाती लागेना, तो इथे पात्रं भरभरून बनतो. पण तो मोडू नये म्हणून सगळी धडपड चाललेली असते. अमेरिकेतली एक लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागत होती. पुण्याच्या लशीची मिजास कमी, ती २ ते ८ अंशांत, म्हणजे गावोगावच्या लसकेंद्रांत आधीच असलेल्या शीतपेट्यांत राहते. कुपीत असेपर्यंत आरएनए टिकायला हवा. दंडात टोचल्यावर मात्र त्याने आपलं प्रथिन बनवून घेऊन मोडून जावं, हेच आपल्याला हवं असतं. लस घेतलेल्याच्या डीएनएमध्ये तो शिरत नाही आणि पेशीत मुक्कामही ठोकत नाही, हा तिच्या सुरक्षिततेचा पाया आहे.

साठ-पासष्ट वर्षांच्या या फेरीत मॉडेल तीनदा मोडलं, आणि तिन्ही वेळा एकाच जागी. प्रत टिकाऊ असेल असं धरलं होतं, ती क्षणभंगुर निघाली. यंत्र नेटाने पुढे रेटत असेल असं वाटलं होतं, ते थरथरत निघालं. जनुक संथ वाहत असेल असं वाटलं होतं, ते उसळ्या मारत निघालं. स्थैर्य आपण दर वेळी पदरचं घातलं होतं. पेशीने त्याचं आश्वासन कधीच दिलं नव्हतं. मानवी पेशीतल्या एखाद्या जनुकाची पुढची उसळी नेमकी कधी येईल हे आजही कुणाला सांगता येत नाही. किती शक्यता आहे तेवढंच सांगता येतं. त्यामुळे यापुढे कुणी तुमच्यासमोर पेशीचं एखादं नीटनेटकं, संथ चालणारं चित्र ठेवलं, तर ते किती पेशींच्या सरासरीतून काढलंय ते आधी विचारा.